पितळ की कासं? जुन्या बाजारात कानानं करायची खरेदी

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत रविवारी बाजार भरतो, तेव्हा कडेला पोतं अंथरून बसलेल्या जुन्या भांडेवाल्याकडे पिवळ्या धातूला दोन नावं असतात. आपण विकत घ्यायला वाकलो की ते ‘कासं’ असतं. घरातलं काहीतरी मोडीला नेलं की तेच ‘पितळ’ होतं. यात त्याची लबाडी थोडी आणि आपलं अज्ञान जास्त. निम्म्या वेळा त्यालाही खात्री नसते.

घर सजवायला जुनं भांडं घेणाऱ्याला वाटतं, मला कुठं त्यात जेवायचंय? कोनाड्यात ठेवायचं, पिवळं दिसलं की झालं. मीही तसंच समजत होते. आमच्याकडे सासूबाईंची तळपाय घासायची काशाची वाटी होती. एकदा धुताना ती ओट्यावरून शहाबादी फरशीवर पडली आणि खापरी फुटावी तशी सरळ दोन तुकडे झाली. धातूचं भांडं फुटतं हे मला चाळिशी येईपर्यंत ठाऊक नव्हतं. त्याच ओट्यावरून पितळी डबा पाच-सहा वेळा तरी पडला असेल. त्याला पोचे आलेत, पण तो अजून पिठाचाच डबा आहे.

सगळा फरक या दोन पडण्यांत आहे. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. साधारण शंभरात साठ-सत्तर भाग तांबं, उरलेलं जस्त. कासं म्हणजे तांबं आणि कथील. चांगल्या काशात अंदाजे ७८ भाग तांबं आणि २२ भाग कथील. जस्तानं तांबं मऊच राहतं, त्याचा पत्रा निघतो, पत्र्याला पोट देता येतं, मान काढता येते. कथील इतक्या प्रमाणात पडलं की धातू कडक होतो, वाजतो आणि थंड असताना ठोकला तर तडकतो. म्हणून काशाचं भांडं घडवणारा ओतलेला गोळा भट्टीत लाल करून ठोकतो, पुन्हा तापवतो, पुन्हा ठोकतो. मेहनत जास्त, शिवाय कथील तांब्याहून महाग आणि जस्त तांब्याहून स्वस्त. काशाचा भाव पितळेच्या कितीतरी पुढे का असतो, ते यातून कळतं.

आपल्या शिवाजी उद्यमनगरात ज्यांच्या घरातलं कुणी फाउंड्रीत आहे, त्यांना हे एका वाक्यात सांगता येईल. तिथं यंत्राचा दांडा ज्यात फिरतो ते बुश ज्या गनमेटलचे करतात, त्यात ८८ भाग तांबं, १० भाग कथील आणि २ भाग जस्त असतं. कासं म्हणजे त्याचा दुप्पट कथील खाल्लेला, तापट थोरला भाऊ.

आता ओळखायचं कसं. विकणारे सगळ्यात आधी वजन सांगतात: “वैनी, उचलून बघा की, जड हाय म्हणजे कासंच.” या वाक्यावर एक रुपयाही जास्त देऊ नका. दोन्ही धातूंची घनता जवळजवळ सारखी आहे. जाड पितळ पातळ काशापेक्षा जड लागणारच. लोहचुंबकाचंही तसंच. तो पर्समध्ये जरूर ठेवा, कारण लोखंडावर पिवळा मुलामा दिलेले दिवे आणि मूर्ती आता जुन्या मालात मिसळलेल्या असतात आणि चुंबक त्या चटकन पकडतो. पण पितळ आणि कासं दोघांनाही तो चिकटत नाही, त्यामुळे या दोघांतलं भांडण तो सोडवू शकत नाही.

ते भांडण कान सोडवतो. भांडं तळहातावर सपाट धरून वाजवू नका, हातच आवाज खातो. वाटी किंवा ताट असेल तर तीन बोटांच्या टोकांवर तोला, किंवा कडेला सुतळीचा फास घालून लोंबकळत धरा आणि नखानं किंवा नाण्यानं हलकेच टिचकी मारा. पितळ ‘टण्ण’ म्हणतं आणि गप्प होतं. कासं बोलत राहतं. आवाज पातळ होत जातो, मनातल्या मनात पाच-सहा आकडे मोजले तरी मागं गुणगुण उरते. वारीतल्या टाळांचा आवाज आठवा; टाळ, झांजा, देवळातल्या घंटा काशाच्या करतात त्या याच गुणासाठी. बाजारातल्या गोंगाटात ऐकू येणार नाही असं वाटतं, पण भांडं कानाजवळ नेलं तर येतं. लोक बघतात, बघू देत.

याच टिचकीत दुसरी गोष्ट कळते आणि माझ्या मते ती जास्त महत्त्वाची आहे. काशाला केसाएवढा तडा गेला असेल तर तो डोळ्यांना दिसत नाही, वर काळपट थर असतो. पण आवाज लगेच चुगली करतो. गुणगुण मध्येच तुटते, बसल्यासारखी ‘भद्द’ होते. दिसायला अस्सल आणि आवाज बसलेला असं काशाचं भांडं हातात आलं तर ते ठेवून द्या. कासं कितीही खरं असो, टिचलेलं असेल तर त्याला मोडीचाच भाव. पितळेचं अगदी उलटं. पोचा आलेली कळशी बघून नाक मुरडू नका. पोचा हे भाव पाडायचं सगळ्यात सोपं कारण आहे आणि तांबटानं आतून ठोकला की तो बराचसा निघतो. बूड गळत असेल तरी झाळून, म्हणजे धातू वितळवून लावून, ते बुजवता येतं. काशाचा तडा मात्र साध्या दुरुस्तीवाल्याच्या हातचा नाही.

कानानंतर कड बघायची. पत्र्याच्या पितळी भांड्याची वरची कड बहुधा बाहेर वळवलेली असते, कधी आत तार घालून. हंडा-कळशीला पोटाशी किंवा मानेशी जोडाची रेघ दिसते. काशाच्या भांड्याला जोड नसतो, ते एकाच गोळ्यातून आलेलं असतं. कड साधी, जाडसर, न वळवलेली. आत गोल गोल खरवडल्याच्या बारीक रेषा आणि बाहेर हातोडीचे उथळ ठसे. आकारही बोलतो. ताट, वाटी, थाळा, रुंद तोंडाचं पसरट काही असेल तर ते कासं असू शकतं. अरुंद मानेचा हंडा कुणी काशाचा म्हणून विकत असेल तर हसून पुढं जावं.

रंगावर मी शेवटी भरवसा ठेवते. घासलेलं पितळ लिंबाच्या सालीकडं झुकणारं पिवळं असतं, कासं फिकट, किंचित राखाडी झाक असलेलं सोनेरी. पण बाजारात दोन्ही कळकटलेली असतात, आणि विकणाऱ्यानं सकाळीच चिंच लावून उजळवलेलं भांडं तर काहीही सांगू शकतं. (चांदीसारखं पांढरं दिसणारं ‘जर्मन सिल्व्हर’ हा तिसरा घोळ. त्यात तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदीचा कणही नाही. चांदीच्या कामाची हुपरी इतकी जवळ असताना आपल्याला कुणी त्यात फसवावं, हे बरं दिसत नाही.)

कुठं मिळतं, हे विचारणाऱ्या मैत्रिणींना मी बाजाराआधी दुसरा रस्ता सांगते. महाद्वार रोडला भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकं जुनी भांडी मोडीत देतात आणि त्या बदल्यात स्टील नाहीतर नॉनस्टिक नेतात. ती मोड मागच्या खोलीत साठते आणि वितळायला जाते. दुकानदाराला आधीच सांगून ठेवलं, “काका, मोडीत काही चांगलं आलं तर माझ्यासाठी बाजूला ठेवा,” तर मोडीच्या भावावर थोडंसं चढवून भांडं मिळतं. गुढीपाडव्याच्या, धनत्रयोदशीच्या आधी मोड जास्त येते, कारण नवी खरेदी तेव्हाच होते. आणि तराजूवर घालायच्या आधी विचारा, कोणत्या धातूच्या भावानं? पितळ म्हणून तोललेलं कासं मला एकदाच मिळालं, ती कथा मी दुकानदाराला अजून सांगितलेली नाही.

एक खास कोल्हापुरी सावधगिरी. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं आणि त्यानंतर पुरात भिजलेलं सामान जुन्या बाजारांत आलं. पाण्यात राहिलेलं लाकडी कपाट आतून फुगलेलं, सांधे सुटलेलं असू शकतं, वरून कितीही पॉलिश असो. पितळ-काशाचं पूर फारसं बिघडवत नाही. गाळ धुतला, हिरवट थर काढला की भांडं होतं तसं होतं. फक्त जोडाच्या फटीत आणि पोकळ समईच्या आत अडकलेला गाळ काडीनं काढून घ्या, तिथं ओल राहते.

आणल्यावर मांडायचं कसं, यातही दोघांचे स्वभाव वेगळे. पितळ मोठ्या आकारात शोभतं. सोप्यात कोपऱ्यात एक हंडा, त्यावर कळशी, बस. शेजारी पाच छोट्या वस्तू ठेवल्या की भांड्याचं दुकान वाटायला लागतं. कळशीत रोप लावायचं तर माती थेट घालू नका. आत प्लॅस्टिकची कुंडी बसवा, नाहीतर ओल्या मातीनं आतून हिरवा थर धरतो. जुन्या पितळी स्टोव्हच्या टाकीचा टेबलावरचा दिवा होतो, पितळेला भोक पाडायला काही अडचण नसते. पुरणयंत्र, शेवेचा सोऱ्या या वस्तू मी फळीवर उभ्या करते. चार लोक विचारतात हे काय, आणि गप्पा सुरू होतात.

काशाला मात्र ड्रिल लावू देऊ नका, भोकाच्या कडेनं तडा जायची भीती असते. थाळा भिंतीवर हवा असेल तर कडेला पकडणारं तारेचं स्टँड वापरा, किंवा कोनाड्यात मागं टेकून ठेवा. त्याच्यासमोर साधी पणती किंवा पिवळसर उजेडाचा छोटा बल्ब लावला की आतल्या गोल रेषांवर उजेड फिरतो. गडद सागवानी फळीवर कासं जितकं खुलतं तितकं पांढऱ्या टेबलावर नाही. आणि ते मुलांच्या हाताला लागणार नाही इतकं वर, पण खाली पडलं तर फरशीऐवजी सतरंजीवर पडेल अशा जागी. हे मी वाटी फुटल्यानंतर शिकले.

शोभेच्या पितळेत काही खाऊ नका, हेही सांगायला हवं. ओतीव पितळ लेथवर नीट कातलं जावं म्हणून त्यात बऱ्याचदा थोडं शिसं असतं. जुनं पितळी पातेलं स्वयंपाकाला काढायचंच असेल तर आधी कल्हई, म्हणजे आतून कथलाचा पातळ थर. बिनकल्हईच्या पितळेत ताक कळकतं हे आपल्या आज्यांना रसायनशास्त्र न शिकता माहीत होतं. कथील २३२ अंशांनाच वितळतं, म्हणून कल्हईवाल्याचा भाता, नवसागर आणि कापसाचा बोळा एवढ्यावर काम भागतं. काशाला कल्हई लावत नाहीत.

घासताना पितळेवर चिंच-मीठ किंवा पितांबरी चालते, पण चिंचेत रात्रभर बुडवून ठेवायची आळशी युक्ती करू नका. आंबट पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं आणि भांड्यावर तांबूस डाग पडतात, ते मग सहज जात नाहीत. पाच-दहा मिनिटं पुरे. धुऊन लगेच कोरडं पुसायचं, आपल्या पावसाळ्यात तर नक्कीच. काशाला मी राख आणि लिंबाची फोड, तीही हलक्या हातानं. उद्यमनगरात नेऊन दोन्ही आरशासारखी बफ करून आणता येतात आणि बरेच लोक आणतात. मला ते पटत नाही. नक्षीच्या खाचेतला काळेपणा गेला की नक्षीच जाते. कड आणि उठावाचा भाग उजळायचा, खाच तशीच सोडायची.

माझ्याकडच्या हंड्यावर मानेखाली ठिपक्यांनी टोचलेलं कुणा बाईंचं नाव आहे, पुढं ‘लग्नात भेट’ आणि अर्धी पुसलेली तारीख. तांबट म्हणाला, “वैनी, ठोकून सपाट करू का?” मी नको म्हटलं. नावाची बाजू मी खोलीकडं करून ठेवलीय. पाहुणे वाचतात आणि विचारतात, या तुमच्या कोण?