वैमानिकी संशोधन व विकास धोरण, भारतातील

विमाने, हेलिकॉप्टर, ग्लायडर, त्यांची इंजिने आणि उड्डाण नियंत्रण प्रणाली यांचे संशोधन, अभिकल्प (डिझाइन) व विकास यांसाठी केंद्र सरकारने वेळोवेळी घेतलेल्या निर्णयांचा समुच्चय. हे धोरण एखाद्या दस्तऐवजात बांधलेले नाही. संस्थांची स्थापना, समित्यांचे अहवाल आणि एकेका प्रकल्पाला मिळालेली मंजुरी यांमधून ते वाचावे लागते. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या एरोनॉटिकल सोसायटी ऑफ इंडिया या व्यावसायिकांच्या संस्थेने एकसंध राष्ट्रीय वैमानिकी धोरणाचा आग्रह दीर्घकाळ धरला आहे.

शेजारच्या दोन क्षेत्रांशी तुलना केली की फरक लक्षात येतो. अणुऊर्जेला १९४८ मध्ये स्वतंत्र आयोग मिळाला. अवकाश संशोधनाला १९७२ मध्ये आयोग आणि विभाग असे दोन्ही मिळाले. वैमानिकी मात्र वाटली गेली. हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड (एचएएल) संरक्षण उत्पादन विभागाकडे, लष्करी संशोधन संरक्षण संशोधन व विकास संघटनेकडे (डीआरडीओ), राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेकडे (सीएसआयआर) आणि नागरी विमानांची उड्डाणयोग्यता नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाकडे (डीजीसीए) आहे. या विभागणीमुळेच पुढील इतिहासात समन्वयासाठी नवनवी मंडळे निर्माण करावी लागली.

आरंभाचा प्रश्न : या धोरणाची सुरुवात नेमकी कधी झाली, याबद्दल एकमत नाही. एक मत २३ डिसेंबर १९४० हा दिवस धरते. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीने त्या दिवशी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. तिला तंत्रसाहाय्य देणारे अमेरिकन व्यावसायिक विल्यम पॉली यांची व वालचंदांची गाठ १९३९ मध्ये एका प्रवासात पडली, असे सांगतात. तो प्रवास विमानाचा की जहाजाचा, याबद्दल कथनांत फरक आढळतो. मार्च १९४१ मध्ये हिंदुस्थान सरकार भागधारक झाले आणि एप्रिल १९४२ मध्ये त्याने वालचंद व अन्य प्रवर्तकांचे भाग विकत घेतले. पुढच्या वर्षी कारखाना अमेरिकी हवाई दलाच्या हाती गेला. १९४१ मध्ये येथे जुळणी होऊन उडालेले हार्लो पीसी-५ हे विमान अमेरिकन अभिकल्पाचे होते. म्हणजे सरकारची नजर युद्धकाळातील दुरुस्ती आणि जुळणी यांवर होती. तिला संशोधन धोरण म्हणणे ताणलेले वाटते.

दुसरे मत डिसेंबर १९४२ पासून मोजते. त्या महिन्यात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिकी अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला. त्याचे पहिले प्रमुख विष्णू माधव घाटगे. गॉटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली डॉक्टरेट करून आलेल्या घाटगे यांनी कारखान्यासाठी दहा आसनी ग्लायडरचा अभिकल्प याआधीच केला होता. तिसरे मत १९५९ ची राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळा हाच खरा आरंभ मानते आणि चौथे १९६९ च्या समितीपर्यंत थांबते. सरकारने हेतुपुरस्सर धोरण ठरवले, असे कागदावर दाखवता येण्याजोगे पहिले वर्ष बहुधा १९६९ हेच आहे. तरीही अभिकल्पाची परंपरा १९४२ पासून सलग दिसते, आणि संशोधनाचा आरंभ म्हणून तेच वर्ष धरणे अधिक सयुक्तिक ठरते.

पहिला टप्पा : घाटगे यांच्या नेतृत्वाखाली एचटी-२ या प्राथमिक प्रशिक्षण विमानाने ५ ऑगस्ट १९५१ रोजी पहिले उड्डाण केले. अशी दीडशेहून अधिक विमाने तयार झाली. फ्लाइंग क्लबांसाठी पुष्पक, टेहळणीसाठी कृषक आणि ४ सप्टेंबर १९६४ रोजी उडालेले किरण हे जेट प्रशिक्षण विमान त्याच परंपरेतील आहेत. एकाच व्यक्तीने लाकूड-कापडाच्या युगापासून जेटपर्यंत एवढी मालिका उभी करावी, आणि महाराष्ट्रात त्या व्यक्तीचे नाव फार थोड्यांना माहीत असावे, ही खंत नोंदवणे भाग आहे.

राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळा (एनएएल) १ जून १९५९ रोजी दिल्लीत स्थापन होऊन पुढच्या वर्षी बंगळूरला आली. पी. नीलकंठन हे तिचे पहिले संचालक. तिच्या १.२ मीटर छेदाच्या, ध्वनिवेगाच्या अलीकडे व पलीकडे चाचण्या घेऊ शकणाऱ्या विंड टनेलचा (वाऱ्याच्या झोतात प्रतिकृती तपासण्याच्या बोगद्याचा) वापर १९६७ मध्ये सुरू झाला. तो नसता तर प्रत्येक प्रतिकृती चाचणीसाठी परदेशी पाठवावी लागली असती. पुढे देशातील अग्निबाणांच्या चाचण्याही याच बोगद्यात झाल्या. १९९३ मध्ये संस्थेच्या नावातील ‘एरोनॉटिकल’च्या जागी ‘एरोस्पेस’ हा शब्द आला. जेट इंजिनांच्या संशोधनासाठी १९५९ मध्येच कानपूर येथे एक केंद्र निघाले. ते १९६१ मध्ये बंगळूरला हलले आणि गॅस टर्बाइन रिसर्च एस्टॅब्लिशमेंट (जीटीआरई) या नावाने ओळखले जाऊ लागले.

मरुत आणि इंजिनाचा पेच : पुढील सर्व धोरणावर ज्याची सावली आहे, तो प्रकल्प म्हणजे एचएफ-२४ मरुत हे लढाऊ विमान. त्यासाठी १९५६ मध्ये जर्मन अभिकल्पकार कुर्ट टांक यांना बोलावण्यात आले. विमानाचा आकार तपासण्यासाठी आधी पूर्ण मापाचा लाकडी ग्लायडर करून १९५९ मध्ये उडवला गेला. संगणक नसलेल्या त्या काळात हा मार्ग अत्यंत विचारपूर्वक निवडलेला होता. १७ जून १९६१ रोजी वैमानिक सुरंजन दास यांनी मूळ नमुन्याचे पहिले उड्डाण केले.

विमानाचा सांगाडा ध्वनिवेगाच्या जवळपास दुप्पट वेग मनात धरून आखला होता. त्यासाठी ब्रिस्टल ऑर्फियस मालिकेतील बारावी, आफ्टरबर्नर (बाहेर पडणाऱ्या वायूत पुन्हा इंधन जाळून रेटा वाढवणारी जोड) असलेली इंजिनाची आवृत्ती गृहीत धरली होती. ब्रिटिश सरकारने त्या आवृत्तीचा विकास सोडून दिला, आणि तिचा खर्च उचलण्यास भारत तयार झाला नाही. मग नॅट विमानातील ऑर्फियस ७०३ ही साधी आवृत्ती दोनच्या जोडीने बसवण्यात आली. तिचा रेटा (विमानाला पुढे ढकलणारे बल) प्रत्येकी सुमारे २,२०० किलोग्रॅम होता. परिणामी विमान ध्वनिवेगाच्या आसपासच अडखळले. इजिप्तमध्ये विकसित होत असलेले ई-३०० इंजिन वापरून पाहण्याचा प्रयोग झाला, तो अर्धवट राहिला. जीटीआरईने ऑर्फियसला आफ्टरबर्नर जोडला. पण अशी इंजिने बसवलेल्या विमानाच्या अपघातात १० जानेवारी १९७० रोजी सुरंजन दास यांचा मृत्यू झाला.

या अनुभवाचे दोन अर्थ लावले जातात. सांगाडा आणि इंजिन एकाच वेळी नवे घेतल्याने प्रकल्प फसला, असे एक पक्ष म्हणतो. दुसऱ्या पक्षाच्या मते १९५० च्या दशकाच्या अखेरीस इंजिनावर खर्च करण्याची तयारी दाखवली असती तर देशाला विमान आणि इंजिन दोन्ही मिळाले असते. सुमारे १४७ विमाने तयार झाली आणि १९७१ च्या युद्धात राजस्थान आघाडीवर त्यांनी चांगली कामगिरी केली, हे पाहता सांगाड्याचा अभिकल्प भक्कम होता आणि दुसरा अर्थ वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जातो.

परवाना-उत्पादन : याच काळात १९६२ मध्ये सोव्हिएत संघाशी मिग-२१ हे लढाऊ विमान परवान्याने येथे बनवण्याचा करार झाला. सांगाडा नाशिकजवळ ओझर येथे, इंजिन ओरिसातील कोरापुट येथे आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबाद येथे अशी विभागणी ठरली. १ ऑक्टोबर १९६४ रोजी या मिग उद्योगाचे व हिंदुस्थान एअरक्राफ्टचे एकत्रीकरण होऊन आजची एचएएल झाली. परवान्याने विमाने हाती लवकर येतात आणि कारागिरांचे कौशल्य वाढते. मात्र ‘असे का केले’ याची गणिते मूळ उत्पादकाकडेच राहतात. ओझरला पुढे मिग-२७ व सुखोई-३० एमकेआय ही विमानेही बनली.

सुब्रमण्यम समिती : सी. सुब्रमण्यम यांच्या अध्यक्षतेखालील वैमानिकी समितीची शिफारस सरकारने १९६९ मध्ये स्वीकारली. एचएएलने प्रगत लढाऊ विमानाचा अभिकल्प करावा, पण तो सिद्ध झालेल्या इंजिनाभोवती, असा तिचा मथितार्थ. मरुतचा धडा या एका अटीत आला. तिने जोखीम कमी केली, आणि इंजिन बाहेरून येणार हेही जवळपास गृहीत धरले. १९७१ मध्ये डीआरडीओच्या छत्राखाली वैमानिकी संशोधन व विकास मंडळ निघाले. विद्यापीठे व आयआयटींमधील मूलभूत संशोधनाला ते अनुदान देते.

तेजस : नव्या लढाऊ विमानाचा विचार १९७० च्या दशकात रेंगाळला. १९८३ मध्ये हलक्या लढाऊ विमानासाठी ५६० कोटी रुपये मंजूर झाले आणि १९८४ मध्ये एरोनॉटिकल डेव्हलपमेंट एजन्सी (एडीए) ही नोंदणीकृत सोसायटीच्या रूपात स्थापन झाली. अभिकल्पाची जबाबदारी एडीएकडे आणि उत्पादन एचएएलकडे, ही रचना वादग्रस्त राहिली. दुफळीमुळे वेळ गेला हा आक्षेप खरा आहे; मात्र प्रयोगशाळा, विद्यापीठे व उद्योग यांना एका कामाला जुंपणारी दुसरी यंत्रणा तेव्हा अस्तित्वात नव्हती.

या प्रकल्पातील तांत्रिक यशाचे केंद्र उड्डाण नियंत्रणात आहे. हे विमान मुद्दाम अस्थिर ठेवलेले आहे. अस्थिर विमान चटकन वळते, पण वैमानिकाच्या हाताने ते सावरत नाही; संगणकाने पंख व शेपटीवरील नियंत्रक पृष्ठभाग क्षणोक्षणी हलवून ते सावरावे लागते. त्यासाठी चार समांतर मार्गांची डिजिटल प्रणाली आहे : एखादा मार्ग बिघडला तरी उरलेले एकमेकांशी पडताळा घेऊन चालत राहतात. तिच्या मुळाशी असलेले नियंत्रण नियम लिहिण्यासाठी १९९२ मध्ये एनएएलच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय गट नेमला गेला. मे १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले आणि तेथील सहकार्य तुटले. राहिलेले काम येथेच पूर्ण करून ४ जानेवारी २००१ रोजी राजीव कोठियाल यांनी पहिले उड्डाण केले. मुंबईच्या आयआयटीतून डॉक्टरेट घेतलेले कोटा हरिनारायण तेव्हा प्रकल्पाचे संचालक होते. विमानाच्या वजनाचा सुमारे ४५ टक्के भाग कार्बन तंतूंच्या संमिश्र पदार्थांचा आहे.

२००३ मध्ये ‘तेजस’ हे नाव मिळालेले हे विमान जुलै २०१६ मध्ये हवाई दलाच्या स्क्वाड्रनमध्ये आले. नौदलाच्या आवृत्तीच्या चाचण्यांसाठी गोव्यात आयएनएस हंसा येथे विमानवाहू जहाजाच्या धावपट्टीची जमिनीवरील प्रतिकृती उभारली आहे. तेथून २० डिसेंबर २०१४ रोजी टोकाशी वर उचललेल्या धावपट्टीवरून पहिले उड्डाण झाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ विमानांची मागणी नोंदवण्यात आली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ओझर येथे तेजसच्या उत्पादनाची नवी शाखा सुरू झाली. परवान्यासाठी उभारलेल्या कारखान्यात देशी अभिकल्पाचे विमान यायला सहा दशके लागली.

इंजिनाच्या बाबतीत मात्र १९६९ ची अट कायम राहिली. तेजससाठी योजलेल्या कावेरी इंजिनाचे काम १९८९ मध्ये मंजूर झाले. २०१० मध्ये रशियात इल्युशिन-७६ विमानावर बसवून त्याची हवेत चाचणीही झाली. तरी अपेक्षित रेटा न मिळाल्याने २००८ मध्येच ते तेजसपासून वेगळे करण्यात आले होते. तेजस आजही अमेरिकन एफ-४०४ इंजिनावर उडते. इंजिनाच्या उष्ण भागातील पाती एकस्फटिकी (एकाच सलग स्फटिकाच्या) मिश्रधातूची ओतण्याचे तंत्र अपुरे असणे आणि इंजिन हवेत तपासण्यासाठी देशात स्वतःचे चाचणी-विमान नसणे, या दोन उणिवा तज्ज्ञ वारंवार सांगतात. मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेल्या प्रगत मध्यम लढाऊ विमानाच्या विकासापुढेही हाच प्रश्न आहे.

नागरी विमाने : या बाजूचे धोरण विरळ आहे. नागरी विमानवाहतूक खात्याच्या तांत्रिक केंद्राने १९६० च्या दशकात रोहिणीसारखे ग्लायडर तयार केले. एनएएलचे हंस हे दोन आसनी विमान १९९३ मध्ये उडाले. तिच्या सारस या छोट्या प्रवासी विमानाने २९ मे २००४ रोजी पहिले उड्डाण केले. ६ मार्च २००९ च्या अपघातात हवाई दलाचे तीन अधिकारी मृत्युमुखी पडले आणि काम थांबले. सुधारित नमुना २४ जानेवारी २०१८ रोजी पुन्हा उडाला. २०१६ च्या राष्ट्रीय नागरी विमानवाहतूक धोरणाचा भर प्रादेशिक सेवा, विमानतळ व देखभाल यांवर आहे. ड्रोनसाठी २०२१ मध्ये सुलभ नियम व उत्पादनाशी निगडित १२० कोटींची प्रोत्साहन योजना आली. २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात संरक्षण संशोधनाच्या तरतुदीपैकी २५ टक्के रक्कम खासगी उद्योग, नवउद्योग व शिक्षणसंस्थांसाठी खुली करण्याची घोषणा झाली.