परत मिळवायचे की नव्याने मागायचे? परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांच्या परतीच्या अर्जाची पार्श्वभूमी

पंचवीस-तीस वर्षे परदेशात काढून, तिथला पासपोर्ट घेऊन भारतात परतलेला माणूस म्हणतो, ‘मला माझे नागरिकत्व परत हवे.’ अर्ज मात्र तो नव्या नोंदणीचा भरतो. १९५५च्या नागरिकत्व कायद्यात ‘पुन्हा नागरिक होणे’ अशी भाषा एका छोट्या तरतुदीत सापडते, आणि ती ठरावीक मुलांपुरतीच आहे. मोठ्यांच्या अर्जाला तिथे ‘परत’ हा शब्द नाही.

गैरहजेरीकडे संशयाने बघण्याची सवय फाळणीच्या काळातली. जुलै १९४८मध्ये पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परवाना पद्धत सुरू झाली. १ मार्च १९४७नंतर तिकडे स्थलांतर केलेला माणूस भारताचा नागरिक नाही, असे संविधानात आले. कायमच्या परतीचा परवाना घेऊन आलेल्यांचा तेवढा अपवाद. गयेची एक स्त्री जुलै १९४८मध्ये कराचीला गेली. उपचारांसाठी गेले होते, असे तिचे म्हणणे. डिसेंबरात ती तात्पुरत्या परवान्यावर आली आणि एप्रिलमध्ये पुन्हा कराचीला गेली. पुढे मिळालेला कायमचा परवानाही रद्द झाला. नवरा भारतातच होता, तरी १९५५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचे जाणे स्थलांतरच ठरवले. तिच्या नावची मालमत्ता निष्क्रांत मालमत्ता, म्हणजे देश सोडून गेलेल्याची मालमत्ता, म्हणून गणली गेली ती गेलीच.

आता त्या शब्दाकडे येऊ, ज्यावरून आजही गोंधळ होतो. बोलताना आपण सरसकट म्हणतो, ‘त्याने भारताचे नागरिकत्व सोडले.’ कायद्यात मात्र नागरिकत्व जाण्याच्या तीन वेगळ्या वाटा आहेत. कलम ८ त्यागाचे : सज्ञान नागरिक तसे घोषणापत्र देतो, सरकार त्याची नोंद करते आणि नागरिकत्व संपते. कलम ९ समाप्तीचे : दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले, की भारताचे त्याच क्षणी जाते. घोषणा नको, सही नको, कोणाची मंजुरीही नको. कलम १०मध्ये सरकार नागरिकत्व काढून घेते. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात शपथ घेणारे जवळपास सगळे कलम ९च्या वाटेने बाहेर पडतात. पुढे वकिलातीत जुना पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचे. २०१०मध्ये त्याची सक्ती झाली तेव्हा फीवरून बरीच ओरडही झाली. ते सर्टिफिकेट हातात पडले, की माणसाला वाटते आपण आत्ता नागरिकत्व सोडले. ते तर शपथेच्या दिवशीच गेलेले असते! गंमत म्हणजे संसदेतली उत्तरेही हाच सैल शब्द वापरतात. २०२२मध्ये २,२५,६२० भारतीयांनी नागरिकत्व ‘सोडले’, हा आकडा तिथलाच.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. पुन्हा नागरिक होण्याची ती छोटी तरतूद कलम ८मध्ये आहे. आईवडिलांनी त्याग केल्यामुळे ज्या अल्पवयीन मुलाचे नागरिकत्व गेले, त्याने सज्ञान झाल्यावर वर्षभरात घोषणापत्र दिले, की तो पुन्हा नागरिक. भारतात राहण्याची अट नाही. सिंगापूरचे नागरिकत्व घेतलेल्या एका दांपत्याच्या मुलाने नेमका हाच हक्क मागितला. उच्च न्यायालयाने तो मान्य केला. ऑक्टोबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला : आईवडिलांचे नागरिकत्व कलम ९खाली आपोआप संपले, तो कलम ८चा त्याग नव्हे, म्हणून मुलाला ती तरतूद लागू नाही. शब्दशः वाचले तर निकालात खोट काढणे कठीण. पण मग जवळपास सगळेच कलम ९ने जात असताना ही सवलत प्रत्यक्षात कोणासाठी उरली, हा प्रश्न राहतोच.

उरतो तो कलम ५चा नोंदणीचा रस्ता. भारतीय वंशाच्या व्यक्तीला १९५५मध्ये अर्जापूर्वी सहा महिन्यांचे वास्तव्य पुरत असे. १९८६मध्ये ते पाच वर्षे झाले. बांगलादेश, श्रीलंका आणि काही आफ्रिकी देशांतून चोरून येणाऱ्यांचे कारण तेव्हा दिले गेले. म्हणजे कारण एकाचे, अट मात्र निवृत्तीनंतर घरी परतणाऱ्यालाही. २००३च्या दुरुस्तीने मुदत सात वर्षे केली. त्याच दुरुस्तीने स्वतंत्र भारताच्या माजी नागरिकांना आणि त्यांच्या मुलांना एका वर्षाची वेगळी वाट दिली. परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार ओसीआय कार्ड देते; ते पाच वर्षे असलेल्यांसाठीही आता बारा महिन्यांचे वास्तव्य लागते.

बारा महिने ऐकायला सोपे आहेत. पण ते अर्जाच्या लगेच आधीचे हवेत. मुलीच्या बाळंतपणाला परदेशात तीन आठवडे, कोणाच्या आजारपणात दोन, जुने घर विकायला पुन्हा एक फेरी. मग अर्जदार पासपोर्टवरचे शिक्के पुढ्यात घेऊन बोटांवर दिवस मोजत बसतो. २०१५मध्ये सरकारने थोडी ढील दिली : विशेष परिस्थितीत, कारण लेखी नोंदवून, जास्तीत जास्त तीस दिवस माफ, ते तुकड्या-तुकड्यांत असले तरी चालतील. एकतिसावा दिवस त्यात बसत नाही.

दिवस जुळले तरी माजी नागरिकाला आणखी एक पायरी आहे. ज्याने नागरिकत्व सोडले, ज्याचे काढून घेतले किंवा ज्याचे संपले, त्याची नोंदणी केंद्र सरकारच्या आदेशाशिवाय होत नाही. इथे तिन्ही वाटा एकाच ओळीत आणि एकाच मापाने मोजल्या जातात. मुलांच्या बाबतीत निर्णायक ठरलेला फरक इथे काहीच कामाचा नाही.

एवढे सोपस्कार होऊन, निष्ठेची शपथ घेऊन तो पुन्हा नागरिक झाला, तरी जन्माने नागरिक असलेल्या शेजाऱ्यासारखा तो होत नाही. जन्माचा नागरिक भारतीय पासपोर्टवर वीस वर्षे दुबईत राहिला, तरी निव्वळ तेवढ्याने त्याचे काही जात नाही. माजी नागरिकाच्या किंवा ओसीआय कार्डाच्या वाटेने नागरिक म्हणून नोंदणी झालेला मात्र सलग सात वर्षे बाहेर राहिला, तर कलम १०खाली सरकार त्याचे नागरिकत्व काढून घेऊ शकते. विद्यार्थी आणि सरकारी सेवेतले वगळले आहेत. इतरांनी नागरिकत्व टिकवण्याचा इरादा दरवर्षी वकिलातीत नोंदवायचा असतो.