घरात कुणाला नाही, म्हणून डोळे सुरक्षित?
‘आमच्या घरात मधुमेहाने कुणाचे डोळे गेले नाहीत, मला काय होणार!’ हा जुना समज अर्धवट आहे. आनुवंशिकतेचा वाटा असतोच. सख्ख्या भावंडाला रेटिनोपॅथी, म्हणजे मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला होणारी इजा, असेल तर आपलाही धोका वाढतो. पण सगळा दोष ज्याच्या माथी मारावा असं एकच जनुक सापडलेलं नाही. उलट १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या डीसीसीटी या मधुमेहावरच्या मोठ्या अभ्यासात, टाइप १ मधुमेहाच्या रुग्णांनी साखर काटेकोर सांभाळल्यावर रेटिनोपॅथी सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. जनुकं काही बदलली नव्हती! सुरुवातीला पडद्यावरच्या केशवाहिन्यांना बारीक फुगे येतात, तरी नजर ६/६ असू शकते. म्हणून नुसता चष्म्याचा नंबर काढून भागत नाही. थेंब घालून बाहुली मोठी करून पडदा बघून घ्या. टाइप २ असेल तर निदान झाल्याबरोबर.