टर्बोचा दम टिकवण्याची धडपड: अँटी-लॅग आणि लाँच कंट्रोलची पार्श्वभूमी

टर्बोचं दुखणं जन्मापासूनचं आहे. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूशी यांनी १९०५ साली ज्या कल्पनेचं पेटंट घेतलं ती फार सुरेख होती: वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर टर्बाइन फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या कॉम्प्रेसरनं इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. पण ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की धूर ओसरतो आणि टर्बाइन मंदावतं. मग पुन्हा कितीही जोरात पाय दाबा, दम यायला वेळ लागतोच. हाच टर्बो लॅग.

रेनॉनं १९७७ मध्ये सिल्व्हरस्टोनला फॉर्म्युला वनमधली पहिली टर्बो गाडी उतरवली, तेव्हा वळणातून बाहेर पडण्याआधीच अंदाजानं पेडल दाबावं लागे. रॅलीत तर सरळ रस्ता क्वचितच मिळतो, त्यामुळे तिथे हे दुखणं जास्तच बोचलं. लान्सियानं १९८५च्या डेल्टा एस४मध्ये टर्बोच्या जोडीला सुपरचार्जरच, म्हणजे इंजिनाच्याच जोरावर फिरणारा कॉम्प्रेसर, बसवला. खालच्या आरपीएमला तो हवा देई, वर टर्बो. पुढच्याच वर्षी कॉर्सिकात त्याच गाडीत हेन्री टोइव्होनेन आणि सर्जियो क्रेस्टो यांचा मृत्यू झाला आणि ग्रुप बी, म्हणजे या गाड्यांचा रॅलीतला वर्ग, बंद पडला.

नंतरच्या ग्रुप ए वर्गातल्या गाड्यांना टर्बोच्या तोंडाशी रिस्ट्रिक्टर, म्हणजे हवेची वाट अरुंद करणारं कडं, लावावा लागे, १९९५पासून ३४ मिलिमीटरचा. माझ्या मते अँटी-लॅगचं, म्हणजे पाय काढल्यावरही टर्बो फिरता ठेवण्याच्या युक्तीचं, महत्त्व वाढलं ते यामुळे. हवाच मोजून मिळणार म्हटल्यावर कमाल ताकद फारशी वाढवता येईना. मग बूस्ट, म्हणजे टर्बोनं कोंबलेल्या हवेचा दाब, किती लवकर मिळतो यावरच चुरस आली. त्याच वर्षी कॅटालुनियाच्या रॅलीत टोयोटाच्या गाडीत रिस्ट्रिक्टरला बगल देऊन हवा घेणारी रचना सापडली आणि संघावर १२ महिन्यांची बंदी आली. जादा हवेसाठी संघ कोणत्या थराला जात, हे त्यावरून कळतं.

अँटी-लॅगची युक्ती मात्र नियमात बसणारी होती. ड्रायव्हरनं पाय काढला तरी थ्रॉटल किंचित उघडा ठेवायचा, किंवा वेगळ्या व्हॉल्व्हनं हवा सोडायची, आणि ठिणगी मुद्दाम खूप उशिरा टाकायची. मग पेट्रोलचा काही भाग सिलिंडरऐवजी एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये जळतो आणि टर्बाइन फिरत राहतं. रॅलीत ऐकू येणारे ते धडाके म्हणजे हेच जळणं. मॅनिफोल्ड लालबुंद होतो, टर्बोचं आयुष्य झपाट्यानं घटतं. संघांना रॅलीदरम्यानच्या सर्व्हिसच्या थांब्यावर टर्बो बदलता येई. रोजच्या गाडीला ही चैन परवडत नाही, आणि धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तर पहिला जातो. तरी रॅलीची गाडी विक्रीच्या गाडीवरच आधारलेली हवी या नियमापायी ही सामग्री विक्रीच्या गाड्यांतही आली: टोयोटाच्या १९९४च्या सेलिका जीटी-फोरच्या २,५०० रॅलीसज्ज गाड्यांत अँटी-लॅगचे भाग बसवलेले होते, फक्त निद्रिस्त.

लाँच कंट्रोलचं, म्हणजे जागेवरून सुटताना गाडीची ताकद आपोआप सांभाळणाऱ्या यंत्रणेचं, घराणं वेगळं. फॉर्म्युला वनमध्ये १९९४ला इलेक्ट्रॉनिक मदतींवर बंदी आली, आणि त्याच वर्षी बेनेटन संघाच्या गाडीच्या सॉफ्टवेअरमध्ये लाँच कंट्रोल दडलेलं आढळलं. ते वापरल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही. २००१च्या स्पॅनिश ग्रां प्रीपासून त्याला परवानगी मिळाली, २००४मध्ये पुन्हा बंदी. तिथं प्रश्न चाकं घसरण्याचा होता. टर्बो गाडीत त्यात आणखी एक भर पडते: जागेवर उभ्या इंजिनावर भार नसतो, म्हणून बूस्ट चढतच नाही. ठराविक आरपीएमवर ठिणगी तोडायची आणि उशिरा टाकायची, की तेच पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जळून टर्बो फिरवतं. म्हणजे स्टार्ट लाइनवर दोन्ही युक्त्या एकच होतात. ताण मात्र क्लच, गिअरबॉक्स आणि शाफ्टवरही येतो. २००७च्या निसान जीटी-आरबाबत अमेरिकेत वॉरंटीवरून वाद झाला तो याच कारणानं.

२०१४मध्ये फॉर्म्युला वननं टर्बोच्या दांड्यावरच इलेक्ट्रिक मोटर बसवली. धूर नसला तरी ती टर्बो फिरता ठेवी. २०२२च्या मर्सिडीज-एएमजी एसएल ४३मध्ये तशीच मोटर रस्त्यावर आली, ४८ व्होल्टवर चालणारी. तिला एक्झॉस्टमध्ये पेट्रोल जाळावं लागत नाही.