पेशी मारायची की आवरायची? सहनशीलतेचे दोन प्रकार

रोगप्रतिकारक यंत्रणा आपल्याच अवयवांवर का तुटून पडत नाही? याला उत्तरं दोन आहेत, केंद्रीय सहनशीलता आणि परिघीय सहनशीलता, आणि ती सर्रास एकमेकांत मिसळली जातात. ती वेगळी करायला एक प्रश्न पुरतो: स्वतःवर उलटू शकणारी पेशी मेली, की अजून जिवंत आहे?

केंद्रीय सहनशीलतेत ती सहसा मरते. छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत टी पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) घडत असतानाच त्यांची शरीराच्या प्रथिनांशी गाठ घालून दिली जाते. पण इन्सुलिन तर स्वादुपिंडात बनतं, ते थायमसमध्ये कसं? एअर नावाच्या जनुकामुळे. त्याच्या जोरावर थायमसमधल्या काही पेशी दूरच्या अवयवांची हजारो प्रथिनं थोडी थोडी बनवतात. त्यांना फार घट्ट चिकटणाऱ्या बहुतेक टी पेशी तिथेच संपतात. (प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींची अशी पारख अस्थिमज्जेत होते.)

तरीही काही निसटतातच. त्या रक्तात फिरतात, तुमच्या-माझ्या शरीरात आत्ताही. त्यांना आवरणं हे परिघीय सहनशीलतेचं काम, आणि मला अधिक थक्क करतं ते हेच. जन्मानंतर तीन दिवसांनी थायमस काढलेल्या उंदरांची प्रतिकारशक्ती नुसती कमी पडायला हवी होती. प्रत्यक्षात तिने त्यांच्याच अवयवांवर हल्ला केला! शिमोन साकागुची यांनी निरोगी उंदरांच्या टी पेशी देऊन तो रोखला आणि 1995 मध्ये लगाम घालणाऱ्या नियामक टी पेशी ओळखून दाखवल्या. 2001 मध्ये मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांना फॉक्सपी3 हे जनुक सापडलं; त्याच्याशिवाय नियामक टी पेशी नीट घडत नाहीत. ते बिघडलेल्या मुलग्यांना तान्हेपणीच तीव्र जुलाब, इसब, मधुमेह गाठतात. 2025 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं.

गोंधळ वाढतो तो इथे: या नियामक पेशी बहुतांशी थायमसमध्येच तयार होतात. म्हणून जन्मस्थानावरून प्रकार ठरवू नये, कामावरून ठरवावा.

लगामाखालच्या पेशी जिवंत असतात याचा पुरावा कॅन्सरच्या उपचारांत दिसतो. टी पेशींवरचे पीडी-1सारखे ब्रेक सोडवणारी औषधं दिली की काही रुग्णांच्या थायरॉइडवर किंवा आतड्यावर त्यांच्याच पेशी चालून जातात.