बायबल अभ्यासवही: वापरायची कशी?

वही हातात आली की पहिल्याच पानावर ‘उत्पत्ती, अध्याय १’ लिहिण्याचा मोह होतो. तो आवरा. त्या वाटेने निघालेल्या बऱ्याच वह्या तिसऱ्याच, लेवीयाच्या पुस्तकापाशी अडतात. त्यापेक्षा बायबलमधले एक छोटे पुस्तक घ्या आणि ते पुरे करा. आमची शिफारस फिलिप्पैकरांस पत्राची, म्हणजे प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्राची: ४ अध्याय, १०४ वचने. गोष्टीरूप काही हवे असेल तर रूथ.

पहिला आठवडा वही मिटलेलीच राहू द्या. पत्र रोज एका बैठकीत सलग वाचा, एकदा तरी मोठ्याने. मग पेन्सिलीने विचारांनुसार भाग पाडा, साधारण बारा होतील. अध्यायांच्या आकड्यांवर मात्र विसंबू नका. पौलाने ते घातलेले नाहीत. अध्याय तेराव्या शतकात पडले, नव्या करारातल्या वचनांचे आजचे आकडे १५५१ सालचे, आणि ठळक मथळे प्रकाशकांचे. चौथ्या अध्यायाचे पहिले वचन खरे तर तिसऱ्याचा समारोप आहे.

प्रत्येक भागाला समोरासमोरची दोन पाने द्या. डाव्या पानावर मजकूर एकेक ओळ सोडून हाताने उतरवा. कंटाळवाणे वाटेल, पण डोळा जे ओलांडून जातो ते हात पकडतो. मग ‘म्हणून’, ‘कारण’, ‘परंतु’ यांभोवती गोल करा आणि पुन्हा पुन्हा येणारे शब्द अधोरेखित करा. उजवे पान वरून खाली भरायचे: अर्ध्या पानात मजकूर काय म्हणतो ते, त्याखाली त्याचा अर्थ, मग चार ओळी न सुटलेल्या प्रश्नांना. ‘माझ्यासाठी काय?’ हे अगदी तळाशी. हा क्रम उलटला की अभ्यास बिघडतो.

उदाहरण ४:१३ चे (अध्याय ४, वचन १३). सामर्थ्य देणाऱ्याकडून मी सर्व काही करू शकतो, हे वचन परीक्षेच्या आदल्या दिवशी हमखास आठवते. पण ४:१० ते २० हा भाग सलग उतरवून पाहा. पौल बंधनात आहे, एपफ्रदीताच्या हाती मंडळीने पाठवलेली मदत त्याला मिळाली आहे, तिची तो पोच देतो आहे. लगेच आधी उपासमार आणि विपुलता या दोन्हींचा उल्लेख आहे. म्हणजे ‘सर्व काही’ यात यशापेक्षा टंचाईतही तृप्त राहणे जास्त आहे.

पार्श्वभूमीसाठी प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६ वाचा. जांभळी वस्त्रे विकणारी लुदिया आणि तुरुंगाचा अधिकारी तिथेच भेटतात. फिलिप्पै ही रोमी वसाहत होती हेही तिथे कळते, मग ३:२० मधले ‘नागरिकत्व’ त्या वाचकांना किती जवळचे वाटले असेल ते उमगते. अडलेल्या ओळीला बायबल सोसायटीची प्रत आणि पंडिता रमाबाईंचे भाषांतर शेजारी ठेवा. टीकाग्रंथ, म्हणजे वचनांचा अर्थ उलगडून सांगणारे पुस्तक, उजवे पान भरल्यावरच उघडा. आधी उघडला तर वहीत त्याचीच नक्कल उतरते.

घरच्या प्रार्थनासभेत किंवा रविवारच्या शाळेत समजावून सांगायचे असेल तर भागाचा आशय एका वाक्यात लिहा. तसे जमत नसेल तर भाग मोठा घेतला आहे किंवा तो अजून कळलेला नाही. त्या वाक्याला त्याच भागातली दोन-तीन वचने आधार म्हणून जोडा, शेवटी श्रोत्यांना एक प्रश्न. बाहेरचे संदर्भ दोनच पुरेत. सहा दिलेत तर सगळे पाने उलटत बसतात आणि मूळ मुद्दा निसटतो.

पेनाबद्दल: वहीच्या कागदावर जेल पेन चालेल, बायबलच्या पातळ कागदावर नाही, शाई मागच्या पानावर उमटते. ओल्या शाईच्या हायलायटरचेही तेच. तिथे बॉलपेन हलक्या हाताने किंवा रंगीत पेन्सिल वापरा, आणि आधी शेवटच्या कोऱ्या पानावर एक रेघ ओढून पाहा.