विकीर्ण आलेख व सहसंबंध

विकीर्ण आलेख : एकाच रुग्णाविषयी, विभागाविषयी किंवा दिवसाविषयी घेतलेल्या दोन मोजमापांची जोडी एका बिंदूने दाखवणारी आकृती. स्कॅटर डायग्राम आणि स्कॅटर प्लॉट ही नावेही रूढ आहेत. बिंदूंच्या पसरणीवरून दोन चलांचा, म्हणजे बदलत्या मोजमापांचा, संबंध नजरेला दिसतो. तोच संबंध एका संख्येत मांडला की त्या संख्येस सहसंबंध गुणांक म्हणतात. आरोग्यसेवेच्या गुणवत्ता व्यवस्थापनात, विशेषतः सीपीएचक्यू या व्यावसायिक प्रमाणपत्राच्या अभ्यासात, गुणवत्तेच्या सात मूलभूत साधनांपैकी एक म्हणून या आकृतीचा परिचय होतो.

उगम : या आकृतीचा जनक कोण, याबद्दल एकमत नाही. आलेखांच्या इतिहासात विल्यम प्लेफेअर यांचे नाव सहसा पहिले घेतले जाते. त्यांचे रेषालेख व स्तंभालेख १७८६ मध्ये आणि वर्तुळालेख १८०१ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र त्यांचे बहुतेक आलेख काळानुसार बदलणाऱ्या व्यापाराचे आणि किमतींचे आहेत. दोन चलांच्या जोड्या सुट्या बिंदूंनी मांडण्याची गरज त्यांना भासलेली दिसत नाही. एडमंड हॅली यांनी १६८६ मध्ये वायुदाब व उंची यांचा वक्र दिला होता, पण तो सिद्धांतावरून काढलेला असून त्यावर निरीक्षणांचे बिंदू नाहीत.

मायकेल फ्रेंडली व डॅनियल डेनिस यांनी २००५ मधील लेखात हा मान जॉन हर्शेल यांना दिला. कन्या राशीतील गॅमा व्हर्जिनिस या जुळ्या ताऱ्याच्या कक्षेवरचा हर्शेल यांचा निबंध १८३३ मध्ये छापला गेला. त्यात त्यांनी ताऱ्याच्या स्थितिकोनाची (एक तारा दुसऱ्याच्या कोणत्या दिशेला दिसतो त्या कोनाची) निरीक्षणे चौकटींच्या कागदावर बिंदूंनी मांडली व त्यांच्यामधून डोळ्याच्या अंदाजाने एक सलग वक्र नेला. वक्राने प्रत्येक बिंदूला शिवलेच पाहिजे असे नाही, कारण प्रत्येक निरीक्षणात काही चूक असतेच, हा विचार तेथे स्पष्टपणे आला आहे. यावर आक्षेप असा, की हर्शेल यांच्या आलेखाचा आडवा अक्ष काळाचा आहे. आजच्या गुणवत्ता अभ्यासकाला तो विकीर्ण आलेखापेक्षा काळानुसार बदल दाखवणाऱ्या रन चार्टसारखा वाटेल. बिंदू मांडण्याच्या तंत्रापुरते श्रेय हर्शेल यांना द्यावे, पण दोन समान दर्जाच्या चलांचा परस्परसंबंध पाहण्याची रीत फ्रान्सिस गॅल्टन यांच्यापासून मोजावी, हे अधिक योग्य दिसते.

गॅल्टन यांनी १८८६ मध्ये २०५ दांपत्यांच्या ९२८ प्रौढ अपत्यांच्या उंचीचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्त्रियांच्या उंचीला १.०८ ने गुणून ती पुरुषांच्या मापावर आणलेली होती. त्यांची आकृती काटेकोरपणे पाहता विकीर्ण आलेख नव्हे, तो एक कोष्टक-आलेख आहे. मात्र त्यातील समान संख्या जोडताना लंबवर्तुळे उमटतात, हे त्यांच्या ध्यानात आले. १८८८ मध्ये त्यांनी ‘को-रिलेशन’ ही कल्पना मांडली. गुणांकासाठी आजही वापरले जाणारे ‘आर’ हे अक्षर गॅल्टन यांच्या ‘रिव्हर्जन’, म्हणजे मूळ पातळीकडे परत फिरणे, या शब्दातून आले.

गुणांकाच्या सूत्राचे श्रेय हा आणखी एक वाद. कार्ल पिअर्सन यांनी १८९६ मध्ये सूत्राची आजची मांडणी केली आणि त्याचे मूळ ऑग्युस्त ब्राव्हे यांच्या १८४६ च्या निबंधात असल्याचे लिहिले. पुढे १९२० मध्ये स्वतः पिअर्सन यांनीच हे मत मागे घेतले. ब्राव्हे यांच्या गणितात गुणाकारांची बेरीज येते खरी, पण त्यांचा विषय निरीक्षणातील चुकांचा होता, दोन चलांच्या सहसंबंधाचा नव्हता, असे पिअर्सन यांचे नंतरचे म्हणणे. हे दुसरे मत आता बहुधा मान्य आहे. तरीही काही पाठ्यपुस्तके ‘ब्राव्हे-पिअर्सन गुणांक’ असा जुना उल्लेख चालू ठेवतात. मूल्यांऐवजी त्यांच्या क्रमातील स्थानांवर, म्हणजे श्रेणींवर, आधारलेला गुणांक चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्ये दिला. रुग्णसमाधानाच्या एक ते पाच अशा क्रमवार उत्तरांना तो अधिक योग्य ठरतो.

गुणवत्ता क्षेत्रात ही आकृती रुळवण्याचे श्रेय जपानमधील काओरू इशिकावा यांच्याकडे जाते. माशाच्या सांगाड्यासारख्या कारण-परिणाम आकृतीत संशयित कारणे मांडायची आणि त्यांतले एखादे कारण परिणामाबरोबर खरोखर हलते का, हे विकीर्ण आलेखावर तपासायचे, असा दोन साधनांचा क्रम आहे. सात साधनांच्या याद्या मात्र जुळत नाहीत. काही ग्रंथकार स्तरीकरण, म्हणजे माहिती गटांत विभागून पाहणे, घेतात, काही त्याच्या जागी प्रवाह आकृती घेतात. विकीर्ण आलेख मात्र सहसा दोन्हींत असतो.

वाचन : संशयित कारण क्ष-अक्षावर आणि परिणाम य-अक्षावर घेण्याचा संकेत आहे. बिंदूंचा पट्टा डावीकडून उजवीकडे चढत असेल तर सहसंबंध धन, उतरत असेल तर ऋण, आणि ढगासारखा विखुरलेला असेल तर सहसंबंध नाही. गुणांक −१ ते +१ यांच्या दरम्यान असतो. चिन्ह दिशा सांगते, संख्या बिंदू सरळ रेषेला किती चिकटून आहेत हे सांगते. रेषेचा उतार किती तीव्र आहे हे गुणांकावरून कळत नाही, आणि परीक्षार्थींची चूक येथे वारंवार होते. गुणांकाचा वर्ग केल्यास एका चलाच्या प्रचरणातील (मूल्यांच्या चढउतारातील) किती हिस्सा दुसऱ्याशी रेषीय संबंधाने जोडता येतो ते मिळते. ०.७० या गुणांकात तो हिस्सा ४९ टक्के, म्हणजे निम्म्याहूनही किंचित कमी असतो. ०.७ च्या वर ‘प्रबळ’, ०.३ च्या खाली ‘दुर्बल’ असे पट्टे अनेक मार्गदर्शिकांत छापलेले असतात. ते सोयीचे संकेत आहेत, त्यांना गणिती आधार नाही.

गुणांकाला किती वजन द्यायचे हे जोड्यांच्या संख्येवर अवलंबून असते. १० जोड्या असतील तर ५ टक्के सार्थकता पातळीवर, म्हणजे संबंध नसताना निव्वळ योगायोगाने इतका गुणांक येण्याची शक्यता ५ टक्क्यांपुरती राहावी यासाठी, गुणांक निदान ०.६३२ लागतो. ३० जोड्यांना ०.३६१ आणि १०० जोड्यांना ०.१९७ पुरतो. म्हणून बारा महिन्यांच्या बारा बिंदूंवर काढलेला निष्कर्ष जपून घ्यावा. आणि याउलट, हजारो नोंदींवरून आलेला ०.०८ हा ‘सार्थ’ गुणांक व्यवहारात जवळजवळ निरुपयोगी असू शकतो.

संगणकाशिवाय करता येणारी जुनी मध्यक पद्धत आजही शिकवली जाते. दोन्ही चलांच्या मध्यकांतून (क्रमाने लावलेल्या मूल्यांपैकी मधल्या मूल्यांतून) एक उभी आणि एक आडवी रेषा काढून आलेखाचे चार भाग करायचे. तिरकस समोरासमोरच्या भागांतील बिंदू एकत्र मोजायचे आणि रेषांवर पडलेले बिंदू सोडून द्यायचे. दोन बेरजांपैकी लहान बेरीज चिन्ह चाचणीच्या कोष्टकाशी ताडून पाहायची. मोजलेले बिंदू ३० असतील आणि लहान बेरीज ९ किंवा त्याहून कमी असेल, तर ५ टक्के पातळीवर संबंध मान्य होतो. ही पद्धत ढोबळ असली तरी एखाद्या भरकटलेल्या बिंदूने फसत नाही.

गुणांक तसा फसतो. फ्रॅन्सिस अ‍ॅन्सकोम्ब यांनी १९७३ मध्ये प्रत्येकी ११ बिंदूंचे चार संच दिले. चारही संचांत एका चलाची सरासरी ९, दुसऱ्याची सुमारे ७.५ आणि गुणांक सुमारे ०.८१६. आलेखावर मात्र पहिला साधा पट्टा, दुसरा स्वच्छ वक्र, तिसरा एक बिंदू सोडून सरळ रेषा, आणि चौथ्यात सगळा संबंध एका एकट्या बिंदूने उभा केलेला. त्यामुळे आधी आकृती व मग गुणांक हा क्रम उलटा करू नये. औषधाची मात्रा व परिणाम यांसारखा संबंध आधी चढून मग उतरत असेल, तर गुणांक शून्याजवळही येऊ शकतो.

सहसंबंध आणि कारण : इंग्लंडमधील मृत्युनोंदींचे सांख्यिकीतज्ज्ञ विल्यम फार यांचे उदाहरण आरोग्यक्षेत्रातलेच आहे. लंडनमधील १८४८-४९ च्या पटकीच्या (कॉलऱ्याच्या) साथीवरील त्यांच्या अहवालात थेम्स नदीपासूनची उंची आणि मृत्युदर यांचा अतिशय घट्ट ऋण संबंध आढळतो. २० फुटांखालील वस्तीत दर १०,००० लोकांमागे सुमारे १०२ मृत्यू, आणि उंची वाढत जाईल तसा हा आकडा जवळजवळ सूत्रात बसावा असा घटत जातो. फार यांनी त्यातून सखल भागातील दूषित हवेला दोष दिला. आकडे चुकीचे नव्हते. उंचीबरोबर पाण्याचा पुरवठाही बदलत होता, आणि लंडनमधील डॉक्टर जॉन स्नो यांनी बोट ठेवले ते त्या पाण्यावर. १८६६ च्या साथीनंतर फार यांनीही पाण्याचे कारण मान्य केले. अशा तिसऱ्या, दोन्हींशी जोडलेल्या चलाला गोंधळकारी चल म्हणतात.

दिशेचा प्रश्न वेगळा आहे. हॅरल्ड लुफ्ट आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये १,४९८ रुग्णालयांतील १२ शस्त्रक्रियांचा अभ्यास केला. त्यांपैकी अनेक शस्त्रक्रियांत, विशेषतः गुंतागुंतीच्या, जेथे त्या जास्त होत तेथे मृत्यूचे प्रमाण कमी होते. सरावाने हात बसतो म्हणून असे घडते, की चांगले निकाल देणाऱ्यांकडेच रुग्ण अधिक पाठवले जातात म्हणून? नुसता विकीर्ण आलेख या दोन स्पष्टीकरणांत निवड करू शकत नाही. रुग्णालयातील मुक्काम आणि तेथे लागणारा संसर्ग यांचेही तसेच. जास्त दिवस राहिल्याने संसर्गाची संधी वाढते आणि संसर्गामुळे मुक्कामही लांबतो.

मोजमाप स्वतःच चलाचा अर्थ बदलू शकते. सुरक्षेविषयी मोकळेपणा वाढलेल्या विभागात औषधचुकांच्या नोंदी वाढतात. त्या नोंदी म्हणजे चुका नव्हेत, कळवलेल्या चुका होत. असा धन सहसंबंध धोक्याचा पुरावा म्हणून वाचणे ही मोठी गल्लत आहे.

काळाच्या दोन मालिका एकमेकींसमोर मांडताना विशेष सावध असावे. दोन्ही काळाबरोबर चढत असतील तर त्यांचा एकमेकींशी काही संबंध नसतानाही गुणांक मोठा येतो. उडनी यूल यांनी १९२६ मध्ये अशा सहसंबंधांना सरळ ‘निरर्थक’ म्हटले आहे. गॅल्टन यांचे परत फिरणेही येथे आठवावे. या तिमाहीत सर्वांत वाईट आकडे दिलेला विभाग पुढच्या तिमाहीत काहीही न करता थोडा सुधारलेला दिसतो, आणि श्रेय त्या मधल्या काळात झालेल्या प्रशिक्षणाला जाते.

एकत्र केलेल्या बिंदूंचे अतिदक्षता आणि सामान्य कक्ष असे स्तर वेगळ्या रंगांनी दाखवले, तर एकूण चढता पट्टा प्रत्येक स्तरात उतरता निघण्याचीही शक्यता असते. सात साधनांच्या काही याद्यांत स्तरीकरणाला स्वतंत्र जागा मिळते, ती यामुळेच. अभ्यासक्रमातील प्रश्न बहुधा साधन ओळखण्याचा असतो : दोन चलांचा संबंध विचारला असेल तर विकीर्ण आलेख, काळानुसार बदल असेल तर रन चार्ट किंवा नियंत्रण आलेख, कारणांचा अग्रक्रम असेल तर पॅरेटो आलेख, एकाच चलाचे वितरण असेल तर आयतालेख.